गॅपनंतर परदेशात रेसिडेन्सी: गोव्यातल्या डॉक्टरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमबीबीएस आणि इंटर्नशिप पूर्ण करून नंतर काही वर्षे रुग्णांपासून दूर राहिलेल्या आणि आता परदेशात रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयात काम करत घ्यायचे पदव्युत्तर प्रशिक्षण, करू पाहणाऱ्या गोव्यातल्या डॉक्टरांसाठी हे पान आहे. बाळंतपण, आईवडिलांचे आजारपण, नवऱ्याची आखातातली किंवा बोटीवरची नोकरी, नीट पीजीच्या फेऱ्यांत गेलेली वर्षे, स्वतःची तब्येत अशी कारणे अनेक असतात. खाली गोमेकॉ म्हणजे बांबोळीचे आपले महाविद्यालय आणि जीएमसी म्हणजे ब्रिटनची जनरल मेडिकल कौन्सिल.

माझा सहा-सात वर्षांचा गॅप आहे. आता काही होईल का?

होऊ शकते, पण सगळीकडे नाही आणि सगळ्या विषयांत नाही.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. पदवीला किती वर्षे झाली ही एक आणि शेवटचा रुग्ण कधी तपासला ही दुसरी. बारा वर्षांपूर्वी पास होऊन गेल्या महिन्यापर्यंत मडगावच्या हॉस्पिसियोत कॅज्युल्टी सांभाळणाऱ्या डॉक्टरची पदवी जुनी आहे, पण त्याला गॅप नाही. चार वर्षांपूर्वी पास होऊन तेव्हापासून फक्त पुस्तकात असलेल्याची पदवी ताजी आहे, पण गॅप आहे. लोक पहिल्या गोष्टीची काळजी करत बसतात. ती आता बदलणार नाही. दुसरी पुढच्या महिन्यापासून बदलता येते.

अमेरिकेत जुन्या पदवीला सरसकट बंदी नाही. मात्र ईआरएएस या अर्जप्रणालीत प्रत्येक प्रोग्रॅमला पदवीचे वर्ष लावून अर्ज गाळता येतात. बरेच प्रोग्रॅम पाच वर्षांची मर्यादा लावतात, काही तीनची, काही दहाची, काही कसलीच नाही. हे बहुधा त्यांच्या वेबसाइटवर लिहिलेले असते. ते न वाचता शंभर ठिकाणी अर्ज टाकणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे.

२०२५ च्या मॅचमध्ये, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागावाटपात, अमेरिकेचे नागरिक नसलेल्या परदेशी पदवीधरांपैकी सुमारे ५८ टक्के जणांना जागा मिळाली. या आकड्यात ताजे पदवीधर मोठ्या संख्येने आहेत, त्यामुळे गॅप असलेल्याने स्वतःची शक्यता त्याहून कमीच धरावी. इंटर्नल मेडिसिन, फॅमिली मेडिसिन, सायकिअ‍ॅट्री, पीडिअ‍ॅट्रिक्स या वाटा खुल्या आहेत. डर्मा, ऑर्थो यांच्या मागे गॅपनंतर लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी परीक्षा द्यायची की आधी नोकरी धरायची?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच. माझे उत्तर: आधी रुग्ण.

पर्वरीतल्या फ्लॅटमध्ये दार लावून दोन वर्षे स्टेप वनचा, म्हणजे यूएसएमएलई या अमेरिकेच्या परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचा, अभ्यास केला, की परीक्षा पास होते आणि गॅप दोन वर्षांनी वाढतो. अर्ज वाचणाऱ्याला प्रश्न पडलेला असतो की या माणसाला रेसिडेन्सीच्या पहिल्या दिवशी, १ जुलैच्या रात्री, वॉर्डमध्ये एकटे सोडता येईल का. त्याचे उत्तर परीक्षेच्या निकालात नसते, अलीकडच्या कामात असते.

म्हणून कुठेतरी हजेरी लागू द्या. खाजगी रुग्णालयात आरएमओ म्हणून, आरोग्य संचालनालयाच्या कंत्राटी जागेवर, एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. म्हापशाचे आझिलो, मडगावचे जिल्हा रुग्णालय, वाळपई, काणकोण, पेडणे, कुठेही. पगाराकडे या टप्प्यावर फार पाहू नका. रात्रपाळी नको असेल तर दिवसाची ओपीडी घ्या, पण रुग्ण तुमच्या सहीने दाखल झाला पाहिजे, औषध तुम्ही लिहिलेले असले पाहिजे.

छोट्या केंद्रात काय शिकणार, असे अनेकांना वाटते. स्टेमी गोवा प्रकल्पाचे उदाहरण घ्या. छातीत दुखणारा माणूस जवळच्या सरकारी केंद्रात येतो, तिथला मेडिकल ऑफिसर ईसीजी काढून बांबोळीच्या हृदयरोगतज्ज्ञांना पाठवतो आणि त्यांच्या सल्ल्याने गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथेच देऊन रुग्णाला पुढे रवाना करतो. अशा केंद्रात वर्षभर काम केलेल्या डॉक्टरकडे मुलाखतीत सांगण्यासारखे बरेच असते: निर्णय, वेळ, यंत्रणा आणि त्यातली स्वतःची जागा.

सायकिअ‍ॅट्री हवी असेल तर आपल्याकडे दोन चांगल्या जागा आहेत. बांबोळीची मनोचिकित्सा आणि मानवी वर्तणूक संस्था, म्हणजे सगळ्यांची आयपीएचबी, आणि १९९६ पासून गोव्यात मानसिक आरोग्यावर संशोधन करणारी संगाथ. संशोधनातला अनुभव जमेची बाजू आहे, पण तो रुग्णसेवेच्या जोडीला हवा. नुसते संशोधन गॅप भरून काढत नाही.

नोकरी आणि अभ्यास एकत्र झेपत नाही, हे खरे आहे. मग आठवड्यातून तीन दिवस काम करा. परीक्षेआधीचे दोन-तीन महिने सुट्टी घ्या. तेवढ्याने कोणी नाव ठेवत नाही.

अर्जात गॅप लपवावा का?

नाही. तारखा स्वतःच बोलतात. इंटर्नशिप संपल्याचा महिना आणि पहिल्या नोकरीचा महिना यांच्यातले अंतर कोणीही मोजू शकते. ‘या काळात मी एका क्लिनिकमध्ये मदत करत होते’ असे काहीतरी ओळखीच्या डॉक्टरकडून लिहून आणणे हा गैरप्रकार आहे. तो ईसीएफएमजी या परदेशी पदवीधरांना प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या पडताळणीत उघड झाला तर पुढची सगळी दारे बंद होऊ शकतात.

मग तो सांगायचा कसा?

थोडक्यात, एकदाच, आणि रडगाणे न करता. पर्सनल स्टेटमेंटमध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या स्वतःबद्दलच्या निवेदनात, तीन-चार वाक्ये पुरतात: काय झाले, कधी संपले, त्यानंतर काय केले.

पाडून टाकणारी मांडणी अशी असते: ‘काही अपरिहार्य कौटुंबिक परिस्थितीमुळे मला दुर्दैवाने वैद्यकीय सेवेपासून दूर राहावे लागले, तरी माझी जिद्द कमी झाली नाही.’ यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही आणि शंका मात्र येते.

चालणारी मांडणी अशी: ‘सासूबाईंना पक्षाघात झाल्यावर तीन वर्षे मी घरी त्यांची पूर्णवेळ देखभाल केली. त्यांच्या निधनानंतर दोन महिन्यांत मी डिचोलीत आरोग्य केंद्रात रुजू झाले आणि तेव्हापासून आठवड्याला चार दिवस ओपीडी पाहते.’ काळ बंद झालेला आहे, कारण सरळ आहे, आणि डॉक्टर आता कामावर आहे. देखभालीतून सहानुभूती कशी शिकले यावर परिच्छेद लिहू नका. तो प्रत्येकजण लिहितो.

स्वतःचे आजारपण असेल तर निदान सांगण्याची सक्ती नाही. ‘आजारी होते, उपचार पूर्ण झाले, या तारखेपासून पूर्णवेळ काम करते’ एवढे पुरे. बाळंतपणासाठी तर कोणाला स्पष्टीकरण देणे लागत नाही. काळ सांगा आणि पुढे चला. नीट पीजीत गेलेली वर्षे मात्र आपले लोक सांगायला लाजतात. लाजू नका. ‘दोन वर्षे प्रवेश परीक्षेची तयारी केली, मग वाट बदलली’ हे प्रामाणिक उत्तर आहे. लगेच पुढचा प्रश्न येईल की त्या काळात रुग्ण पाहिले का. म्हणून तर आधीचे उत्तर आधी दिले.

यूएसएमएलईचा आजचा ढाचा काय आहे?

स्टेप वन २६ जानेवारी २०२२ पासून फक्त पास-नापास आहे. त्यामुळे गुणांचा सगळा भार स्टेप टू सीके या दुसऱ्या लेखी टप्प्यावर आला. जुलै २०२५ पासून सीकेची पासिंगची रेषा २१८ आहे, पण गॅप असलेल्याने काठावर पास होण्याचा विचार करू नये. रुग्ण तपासण्याची टू सीएस ही परीक्षा २०२१ मध्ये कायमची बंद झाली. तिच्या जागी ईसीएफएमजीचे पाथवेज, म्हणजे रुग्ण तपासण्याची पात्रता दाखवायचे वेगवेगळे मार्ग, आणि ओईटी ही इंग्रजीची परीक्षा आली. प्रत्येक स्टेपला जास्तीत जास्त चार प्रयत्न मिळतात, आणि ईसीएफएमजी प्रमाणपत्रासाठी लागणाऱ्या परीक्षा सात वर्षांच्या आत पास व्हाव्या लागतात. पदवीनंतर लगेच स्टेप वन देऊन ठेवलेल्यांनी ही तारीख आजच तपासा.

गोव्यातून प्रोमेट्रिकच्या परीक्षा केंद्रासाठी मुंबई किंवा बेंगळुरू गाठावे लागते. स्टेप वन आठ तासांची, सीके नऊ तासांची. रात्रभर बस किंवा कोकण रेल्वेने जाऊन सकाळी थेट परीक्षेला बसू नका, आदल्या दिवशी पोहोचा. स्टेप थ्री फक्त अमेरिकेत होते.

गोवा मेडिकल कौन्सिलची माझी नोंदणी संपली आहे. फरक पडतो का?

मोठा फरक पडतो. पाथवेजमधला पहिला मार्ग अलीकडच्या काळात स्वतंत्रपणे प्रॅक्टिस करण्याचा परवाना असलेल्यांसाठी आहे, आणि परवान्याची पडताळणी थेट परवाना देणाऱ्या संस्थेकडून होते. जुन्या पदवीधरांना बहुधा हाच मार्ग लागू पडतो. नोंदणी निद्रिस्त असेल तर पहिले काम नूतनीकरणाचे. त्यासाठी सीएमईचे, म्हणजे नोंदणीनंतरच्या चालू शिक्षणाचे, क्रेडिट लागतात, ते अर्जाच्या आदल्या महिन्यात गोळा होत नाहीत. ब्रिटनची जीएमसीही मागच्या पाच वर्षांत जिथे जिथे नोंदणी होती किंवा काम केले तिथून गुड स्टँडिंगचा, म्हणजे नोंदणीवर कसली कारवाई नसल्याचा, दाखला मागते. आखातात राहताना तिथला परवाना काढला असेल तर तोही यात आला.

गोमेकॉची कागदपत्रे कशी मिळवायची? कॉलेज परदेशात मान्य आहे ना?

आहे. १८४२ ची एस्कोला मेदिको आणि १९६३ पासूनचे गोवा मेडिकल कॉलेज ही एकच परंपरा, आणि ते वैद्यकीय महाविद्यालयांच्या जागतिक निर्देशिकेत नोंदलेले आहे. एनएमसीला, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला, सप्टेंबर २०२३ मध्ये जागतिक वैद्यकीय शिक्षण महासंघाची दहा वर्षांसाठी मान्यता मिळाली, त्यामुळे भारतीय कॉलेजांच्या मान्यतेची चिंता मिटली.

कागदांत तीन गोष्टी लागतात: पदवी, गुणतपशील, आणि अमेरिकेसाठी एमएसपीई, म्हणजे डीनच्या कार्यालयाकडून जाणारे विद्यार्थ्याचे मूल्यांकन. जुन्या बॅचच्या विद्यार्थ्याला ओळखणारे प्राध्यापक निवृत्त झालेले असतात. जुने निकाल, बक्षिसे, इंटर्नशिपच्या नोंदी यांच्या प्रती सोबत घेऊन स्वतः बांबोळीला जा आणि तीन-चार महिने हाताशी ठेवा. फाईलचा पाठपुरावा शांतपणे, पण दर आठवड्याला करा.

पदवीवर माहेरचे नाव, पासपोर्टवर सासरचे. काय करावे?

गॅप असलेल्या अर्जदारांत अनेक विवाहित स्त्रिया असतात, म्हणून हा प्रश्न सतत येतो. परीक्षा केंद्रावर ओळखपत्रावरचे नाव आणि नोंदणीतले नाव जुळलेच पाहिजे, नाहीतर परीक्षा बुडते. आपल्याकडे सिव्हिल रजिस्ट्रारकडे झालेल्या विवाहनोंदणीचा दाखला असतो. तो आणि नाव रीतसर बदलले असेल तर त्याचा दाखला, दोन्ही इंग्रजी प्रतीसह ईसीएफएमजीला आधीच पाठवा. मधले नाव, आडनावाचे स्पेलिंग, आडनावाचे दोन भाग पुढे-मागे होणे, सगळे एकदा बसून तपासा. अजून पासपोर्टवर नाव बदलले नसेल तर मॅच होईपर्यंत बदलू नका, असे मी सुचवेन.

शिफारसपत्रे कोणाकडून घ्यावीत?

प्रत्येक प्रोग्रॅमला जास्तीत जास्त चार पत्रे जातात. दहा वर्षांपूर्वीच्या विभागप्रमुखांचे गुळमुळीत पत्र निरुपयोगी आहे, त्यांचे नाव कितीही मोठे असो. सध्या ज्यांच्या हाताखाली काम करता त्या कन्सल्टंटचे, ठोस रुग्णांचा उल्लेख असलेले एक, आणि शक्य तर अमेरिकेतल्या डॉक्टरांची दोन. पदवीनंतर इलेक्टिव्ह, म्हणजे विद्यार्थी म्हणून परदेशी रुग्णालयातला मुक्काम, मिळत नाही, म्हणून ऑब्झर्व्हरशिप (नुसते पाहणे) किंवा एक्स्टर्नशिप (देखरेखीखाली काम) शोधावी लागते. पैसे घेऊन ती जुळवून देणाऱ्या एजन्सींपेक्षा गोमेकॉच्या माजी विद्यार्थ्यांना थेट ईमेल करा. आपल्या बॅचेसमधले लोक बरेच ठिकाणी आहेत, आणि विचारले तर मदत करतात. ऑब्झर्व्हरशिप शक्यतो अर्जाच्या आदल्या वर्षातली असावी.

पोर्तुगीज पासपोर्ट काढला तर सोपे होईल का?

१९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या कुटुंबांत हा विषय निघतोच. पासपोर्टने युरोपात राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क मिळतो, डॉक्टरकीचा नाही. आपली पदवी युरोपीय संघाबाहेरची असल्याने पोर्तुगालमध्ये तिची मान्यता, तिथल्या वैद्यक संघटनेची नोंदणी आणि कामापुरती चांगली पोर्तुगीज भाषा, तिन्ही लागतात. ब्रिटनसाठी २०२१ पासून या पासपोर्टचा काही उपयोग नाही. आणि भारतीय नागरिकत्व जाते. रेसिडेन्सी हे एकच कारण असेल तर हे पाऊल उचलू नका.

ब्रिटन जवळचा आणि स्वस्त मार्ग आहे ना?

काही वर्षांपूर्वी होता. परीक्षा आजही तुलनेने सोप्या आहेत. जीएमसीची प्लॅब ही परीक्षा दोन भागांत असते. प्लॅब वन भारतात देता येते, तीन तासांत १८० प्रश्न. प्लॅब टू मँचेस्टरला, आणि ती प्लॅब वननंतर दोन वर्षांच्या आत. आयईएलटीएस अकॅडमिकमध्ये एकूण ७.५ आणि प्रत्येक भागात किमान ७ हवेत, किंवा ओईटीत चारही भागांत बी. निकाल दोन वर्षेच चालतो.

अडचण त्यानंतर सुरू होते. प्लॅब पास होऊन नोंदणी मिळालेले डॉक्टर मोठ्या संख्येने नोकरीविना बसले आहेत. जुलै २०२५ मध्ये जाहीर झालेल्या दहा वर्षांच्या आरोग्य योजनेत ब्रिटिश सरकारने प्रशिक्षणाच्या जागांसाठी आपल्या पदवीधरांना प्राधान्य देण्याचे ठरवले. त्यातही गॅप असलेल्याला प्रशिक्षणासाठी तयार असल्याचे दाखवणारा क्रेस्ट फॉर्म आडवा येतो: किमान सलग तीन महिने तुमच्यावर देखरेख केलेल्या वरिष्ठाची सही लागते, आणि ते काम प्रशिक्षण सुरू होण्याआधीच्या साडेतीन वर्षांतले असावे लागते. गोव्यातल्या रुग्णालयातले कामही यासाठी चालू शकते. आज कोणी मला विचारले तर केवळ प्लॅबवर विसंबून नोकरी सोडू नका, असेच सांगेन.

आणि ऑस्ट्रेलिया?

तिथे गॅपचे नियम निदान लिहिलेले आहेत, म्हणून मला तो देश प्रामाणिक वाटतो. सरावातल्या डॉक्टरने वर्षाला किमान १५२ तास किंवा सलग तीन वर्षांत ४५६ तास काम केलेले असावे. तीन वर्षांहून जास्त खंड असेल तर कामावर परतण्याची लेखी योजना द्यावी लागते. एएमसीची, म्हणजे ऑस्ट्रेलियन मेडिकल कौन्सिलची, पहिली परीक्षा संगणकावर, साडेतीन तासांत १५० प्रश्न. त्यानंतर देखरेखीखालची नोकरी शोधण्यात वेळ जातो. ती बहुधा शहरांपासून दूर मिळते.

अमेरिकेच्या व्हिसाचे काय?

बहुतेकांना जे-१ हा प्रशिक्षणासाठीचा व्हिसा मिळतो. त्यासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचे स्टेटमेंट ऑफ नीड, म्हणजे त्या विषयातल्या डॉक्टरांची देशाला गरज असल्याचे पत्र, लागते आणि प्रशिक्षणानंतर दोन वर्षे भारतात राहण्याची अट असते. कॉनराड ३० सारख्या योजनेत डॉक्टरांची कमतरता असलेल्या भागात तीन वर्षे काम केल्यास ती माफ होते. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाला स्टेप थ्री आधी पास हवी, आणि सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क आल्यापासून रुग्णालये हात आखडता घेत आहेत. जे-१ चा एक फायदा घरच्यांसाठी आहे: जे-२ वरच्या जोडीदाराला काम करण्याची परवानगी मागता येते. नवरा तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला, असेल आणि बोट सोडून सोबत यायचा विचार करत असेल तर हे आधी बोलून घ्या.

एकूण खर्च किती?

स्टेप वन आणि स्टेप टू सीके, प्रत्येकीला हजार डॉलरहून जास्त. प्लॅब टूला हजार पौंडांच्या आसपास, वर मँचेस्टरचा प्रवास. ईआरएएसमध्ये एका विषयातले पहिले ३० अर्ज स्वस्त, पुढचे प्रत्येकी महाग. ऑब्झर्व्हरशिपचा मुक्काम धरला तर अमेरिकेचा एक पूर्ण प्रयत्न सहज दहा लाख रुपयांपलीकडे जातो, म्हणून वडिलोपार्जित जमीन किंवा दागिने यावर लावू नका. दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज करावा लागला तर पैसे शिल्लक असले पाहिजेत, ही माझी किमान अट.

वय चाळिशीकडे झुकले आहे, मुले शाळेत आहेत. सोडून द्यावे का?

वयाची अट नाही. पण तीन-चार वर्षांच्या रेसिडेन्सीत रात्रपाळ्या असतात आणि पहिल्या वर्षी घरी कोणीतरी खंबीर लागते. सासूबाई किंवा आई व्हिजिटर व्हिसावर सहा महिने येऊन राहतात, मग पुढे काय, याचे उत्तर जोडीदारासोबत कागदावर लिहा. उत्तर मिळत नसेल तर नीट पीजीलाही वयोमर्यादा नाही, आणि घराजवळ राहून केलेले पीजी कोणत्याही अर्थाने कमी नाही.

वर्षाचे वेळापत्रक कसे आखावे?

अमेरिकेचे अर्ज सप्टेंबरात जातात, आणि आपली चवथ त्याच्या अलीकडे-पलीकडे येते. घर पाहुण्यांनी भरलेले असताना पर्सनल स्टेटमेंट लिहून होत नाही. जुलैअखेर ते पूर्ण करा, चवथीनंतर फक्त तपासा. मुलाखती ऑक्टोबर ते जानेवारी, बहुतेक ऑनलाइन. नोव्हेंबरपासून न्यूयॉर्कची सकाळी नऊची मुलाखत आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला, कॅलिफोर्नियाची रात्री साडेदहाला येते. इन्व्हर्टर आणि मोबाईलचे दुसरे इंटरनेट दोन्ही तयार ठेवा. गावात लाईट जाते हे कारण एकदाच ऐकून घेतले जाते.

मार्चमधल्या मॅचच्या आठवड्यात सोमवारी फक्त जागा मिळाली की नाही एवढे कळते. मिळाली नसेल तर उरलेल्या जागांची सोप ही फेरी त्याच आठवड्यात असते, म्हणून त्या दिवसांत ड्युटी लावून घेऊ नका. मिळाली असेल तर शुक्रवारच्या निकालाची पत्रे हातात पडताच स्टेटमेंट ऑफ नीडचा अर्ज करा आणि मुंबईच्या वकिलातीतली व्हिसाची तारीख पाहायला लागा. जे-१ अर्जदारांना जून २०२५ पासून सोशल मीडियाची खाती सार्वजनिक ठेवावी लागतात, तेही तेव्हाच करा. काम १ जुलैला सुरू होते, ओरिएंटेशन जूनमध्येच असते, आणि मधले तीन महिने कागदांतच जातात.